सहकाऱ्यांस आपली रीत सांगण्याविषयी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'नोकरीतील अनुभव' या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी मला केली, ती मी आनंदाने मान्य केली. मात्र त्याच वेळी त्यांस एक विनंतीही करून ठेवली. मी बोलत असताना कोणी दुरून हाताने खुणा केल्या की माझे सूत्र तुटते आणि पुढचे वाक्य आठवेनासे होते. तेव्हा वेळ संपत आली म्हणजे खूण करू नका, एक चिठ्ठी पाठवा, असे मी त्यांस सांगितले. चिटणीस हसले. म्हाताऱ्या माणसाचा हा एक लहरीपणा, असे त्यांस वाटले असावे. वस्तुतः आज मला जे सांगावयाचे आहे ते सारे त्या एका विनंतीतच आले आहे. ज्यांच्याबरोबर आपणांस काम करावयाचे आहे, त्यांना आपली काम करण्याची व बोलण्याचालण्याची रीत आपण होऊन, वेळेवर व स्वच्छ शब्दांत सांगावी की नाही, हा माझा आजचा विषय आहे.

हा विषय मला सुचला तो माझ्या भाचीमुळे. ती पुण्याला हिंजवडीत एका संगणक कंपनीत नोकरीस आहे. गेल्या दिवाळीत ती घरी आली ती एक कोरा कागद घेऊनच. तिच्या कचेरीत प्रत्येकाने स्वतःविषयी एक पान लिहून सर्वांपुढे ठेवावयाचे होते. माझ्याबरोबर काम कसे करावे, मला निरोप कसा द्यावा, माझी कामाची वेळ कोणती, कशाने मला अडचण होते, असे त्या पानात यावयाचे. "मामा, मी काय लिहू? मला काहीही चालते, एवढेच लिहून देते झाले," असे ती म्हणाली.

'मला काहीही चालते' हे वाक्य आपल्या घरांतून किती वेळा उच्चारले जाते, याची कल्पना आपणां सर्वांस आहे. पाहुण्यास चहा की कॉफी असे विचारावे, तर 'काहीही चालेल' हे उत्तर ठरलेले. घरची बाई चहा टाकते. पाहुणे दोन घोट घेऊन कप खाली ठेवतात आणि मग कळते की त्यांनी चहा सोडून दोन वर्षे झाली. विनयाने बोलायला गेले आणि एक कप चहा, थोडे दूध व घरच्या बाईचे समाधान अशा तीन गोष्टी वाया घालवल्या. आपली आवडनिवड बोलून दाखविणे म्हणजे नखरे, अशी शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. पंगतीत वाढील ते खावे हा संस्कार चांगलाच आहे, त्याविरुद्ध मी बोलत नाही. परंतु कचेरी ही पंगत नव्हे. तेथे आपल्या न बोलण्याची किंमत पुष्कळदा दुसऱ्यास द्यावी लागते.

ती किंमत माझ्यामुळे एका सज्जन माणसाने दिलेली आहे. ही हकीकत मी पुष्कळ वर्षे कोणास सांगितली नव्हती. आज माझ्या भाचीच्या वयाची इतकी मुले समोर बसली आहेत म्हणून सांगतो.

1979 साली मी एका तालुक्याच्या गावी बँकेचा शाखाधिकारी होतो. बँकेचे व गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्या वेळी शाखेत संगणक नव्हते. चेक आला की तो प्रथम खातेवहीत लिहिला जाई, मग ज्यांना आम्ही पासिंग ऑफिसर म्हणत असू ते नमुना सहीशी सही ताडून पाहत, चेकवर आपली आद्याक्षरे करीत, आणि त्यानंतर रोखपाल टोकन पुकारून पैसे देत असे. माझ्या शाखेतील हे पासिंग ऑफिसर वयाने माझ्याहून थोडे वडील, अत्यंत काटेकोर व अबोल गृहस्थ होते. बाजारचा दिवस होता आणि माणसे दारापर्यंत उभी होती. मुख्य कचेरीचा ट्रंक कॉल दोन तासांनी एकदाचा लागला होता व मी ओरडून ओरडून महिन्याचे आकडे सांगत होतो. एवढ्यात हे गृहस्थ एक चेक आणि नमुना सहीचे कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आले. "साहेब, सही जराशी निराळी वाटते. पण आणणारा त्यांच्या दुकानातलाच मुलगा आहे. देऊ का?" असे त्यांनी विचारले. मी त्यांच्याकडे पाहून 'हं' म्हणालो आणि पुन्हा फोनमध्ये ओरडू लागलो.

चेक साडेसहा हजारांचा होता. आठ दिवसांनी कापडाचे ते व्यापारी पासबुक घेऊन आले तेव्हा उलगडा झाला. दुकानातल्या मुलाने चेकबुकातील एक पान काढून घेऊन सही उठविली होती. व्यापाऱ्यास रक्कम भरून द्यावी लागली आणि चौकशी बसली. चौकशीत त्या गृहस्थांनी सांगितले, "मी साहेबांना विचारले व साहेबांनी होकार दिला." मला विचारले तेव्हा मी म्हणालो, "मी होकार दिला नाही. मी फोनवर बोलत होतो." दोघेही खरे बोललो. कागदावर आद्याक्षरे त्यांची होती. त्यांच्या दोन वेतनवाढी रोखण्यात आल्या व मला केवळ समज देण्यात आली. त्याच वर्षी त्यांच्या थोरल्या मुलीचे लग्न ठरले होते.

आता त्या 'हं'चा विचार करा. आमच्या घरी रात्री आजोबा गोष्ट सांगत. ऐकणाऱ्याने मधूनमधून 'हं' म्हणत राहावयाचे असा दंडक होता. 'हं' थांबला की पोर झोपले असे समजून आजोबा गोष्ट थांबवीत. तेव्हापासून माझ्या तोंडी 'हं' बसला तो 'ऐकतो आहे, पुढे सांगा' एवढ्याच अर्थाचा. माझ्या पत्नीस हे ठाऊक होते, मुलांस ठाऊक होते. माझा 'हं' म्हणजे हुंकार होता. त्या गृहस्थांनी तो होकार मानला. यात त्यांची चूक ती काय? वरिष्ठाच्या तोंडून निघालेल्या 'हं'चा अर्थ आणखी दुसरा कोणता लावावयाचा? तो अर्थ मला सांगता आला असता. त्या शाखेत मी दीड वर्ष बसलो होतो, आणि दीड वर्षात हे एक वाक्य बोलण्यास मला सवड झाली नव्हती.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट आमच्यापेक्षा चांगली समजत होती असे म्हणावे लागते. मराठेशाहीतील कागद पाहा. पत्राच्या मजकुराखाली मोर्तब उठल्याखेरीज पत्र पुरे झाले असे मानीत नसत. शिवछत्रपतींच्या पत्रांवर शेवटी जी लहान मुद्रा दिसते, तिच्यावर लेखनाची मर्यादा येथे झाली अशा अर्थाचीच अक्षरे आहेत. यापुढे कोणी एक ओळ घुसडील तर ती आमची नव्हे, हे वाचणाऱ्यास पाहताक्षणी कळावे, हा तिचा हेतू. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आजही वापरतो. बोलणे कोठपर्यंत झाले आणि हुकूम कोठे झाला, याची खूण सर्वांस आधीपासून ठाऊक असे. माझ्या 'हं'वर मोर्तब नव्हते, आणि ते नाही हे कोणालाच माहीत नव्हते.

थोर माणसांच्या चरित्रांतही या दृष्टीने पाहण्यासारखे पुष्कळ आहे. न्यायमूर्ती रानडे यांची दृष्टी अधू होती. त्यांस वर्तमानपत्रे व पुस्तके वाचून दाखवावी लागत. रमाबाईंनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात, जे 1910 साली प्रसिद्ध झाले, या वाचून दाखविण्याविषयी लिहिले आहे. आपल्यास दिसत नाही हे झाकण्यात त्यांनी शक्ती खर्च केली असती, तर इतके वाचन व इतके लेखन त्यांच्या हातून झाले असते काय? परंतु या विषयाला सर्वांत जुळणारे उदाहरण मला गांधीजींचे वाटते. सोमवारी ते मौन पाळीत. त्या दिवशी काही सांगावयाचे असल्यास कागदाच्या तुकड्यावर लिहून देत. हे त्यांच्या आश्रमातील मुलास जसे ठाऊक होते तसेच व्हाइसरॉयलाही ठाऊक होते. 2 जून 1947 हा दिवस सोमवार होता. फाळणीची योजना पुढाऱ्यांसमोर ठेवली गेली तो हा दिवस. त्या दिवशी गांधीजी लॉर्ड माउंटबॅटन यांच्या भेटीस गेले व वापरलेल्या जुन्या पाकिटांच्या मागल्या बाजूवर त्यांनी आपले म्हणणे लिहून दिले. मौनाचा निश्चय करताना आपण दोन अपवाद ठेवले होते, तातडीच्या कामासाठी मोठ्या अधिकाऱ्याशी बोलणे आणि आजाऱ्याची शुश्रूषा, हेही त्यांनी त्यात नमूद केले. तथापि आज मौन मोडावे अशी आपली इच्छा नसेल हे मी जाणतो, अशा आशयाचे पुढे लिहिले. येथे राजकारणाची चर्चा मला करावयाची नाही. माझे लक्ष एवढ्याकडेच आहे की, नेम सांगितला तो अपवादांसह सांगितला. समोरच्यास ताटकळत ठेवले नाही, अंदाज बांधावयास लावले नाही.

उलट, स्वतःची रीत स्वतःलाच ठाऊक नसली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. पीटर ड्रकर हे व्यवस्थापनशास्त्रावर लिहिणारे मोठे लेखक 2005 साली वारले. 1999 साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात त्यांनी माणसांचे दोन वर्ग कल्पिले आहेत. काहींना वाचून समजते, काहींना ऐकून समजते, आणि आपण कोणत्या वर्गातले हे फार थोड्यांना ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात आयसेनहॉवर युरोपात सरसेनापती असताना त्यांच्या वार्ताहर परिषदा नावाजल्या जात. ड्रकर सांगतात की, त्या वेळी प्रत्येक प्रश्न निदान अर्धा तास आधी लेखी यावा अशी दक्षता त्यांचे मदतनीस घेत. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या आधीचे रूझवेल्ट व ट्रूमन हे ऐकून समजणाऱ्यांपैकी होते. त्यांची मोकळ्या प्रश्नोत्तरांची पद्धत यांनीही चालविली, आणि ज्या वार्ताहरांनी पूर्वी वाखाणले तेच आता यांची उत्तरे भरकटतात म्हणून हसू लागले. माणूस तोच, बुद्धीही तीच होती. जॉन्सन यांचे याच्या उलट झाले. ते ऐकून समजणारे. केनेडींनी जमविलेले, टिपणे लिहून देण्यात वाकबगार असे लोक त्यांनी तसेच ठेवले. ते लोक लिहीत राहिले आणि जॉन्सन यांच्या पदरी त्यातले काही पडले नाही, असा ड्रकर यांचा अभिप्राय आहे. अभिप्राय थोडा जास्त सुबक आहे, हे मी मान्य करतो. इतिहास इतक्या सोप्या कारणांनी घडत नसतो. तरी आपल्या आजूबाजूला पाहिले तर वाचून समजणारा साहेब आणि तोंडी सांगणारा कारकून यांच्या जोड्या हव्या तितक्या सापडतील.

भाचीच्या कचेरीतल्या त्या कागदाचे मूळही परदेशातच आहे. नॉर्वेतील एका कंपनीचे प्रमुख राहिलेले इवार क्रोगरूड यांनी स्वतःविषयी एक पान लिहून सहकाऱ्यांस देण्याची प्रथा ठेवली होती. 2013 साली न्यूयॉर्क टाइम्स पत्रात त्यांची मुलाखत आली तीत त्याची माहिती आहे. यंत्राबरोबर ते कसे चालवावे याचे एक पत्रक येते ना, तसे माणसाचे पत्रक. त्यास तिकडे यूझर मॅन्युअल असेच म्हणतात. माणसास यंत्राची उपमा मला रुचत नाही. पण शिवणयंत्राबरोबर पत्रक येते आणि नव्या साहेबाबरोबर येत नाही, हे मात्र खरे आहे.

चौकशी संपल्यानंतरच्या आठवड्यात मी एक कागद लिहिला व माझ्या टेबलावरील काचेखाली, वाचणाऱ्याच्या बाजूने सुलट दिसेल असा, सरकवून ठेवला. त्यात तीन वाक्ये होती. मी 'हं' म्हणतो त्याचा अर्थ ऐकले एवढाच. परवानगी म्हणजे कागदावर माझी आद्याक्षरे. आकडे मला तोंडी सांगू नयेत, चिठ्ठीवर लिहून द्यावेत, कारण ऐकलेला आकडा माझ्या लक्षात राहत नाही. सकाळी तिजोरी उघडल्यापासून डाक वाचून होईपर्यंत मी चिडका असतो. फारच नड नसेल तर त्यानंतर यावे. हे तिसरे वाक्य लिहिताना मला फार संकोच वाटला. साहेबाने आपण चिडके आहोत असे लिहून ठेवावे काय? पण शाखेतील प्रत्येकास ते आधीच ठाऊक होते. फक्त ते किती वाजता सरते, हे ठाऊक नव्हते.

त्या कागदाचा एक परिणाम मला मुळीच अपेक्षित नव्हता. चारआठ दिवसांत एकेक जण येऊन आपापले सांगू लागला. रोखपाल म्हणाला, "साहेब, नोटा मोजताना नावाने हाक मारू नका. मोज चुकते. नुसते समोर येऊन उभे राहा." एक भगिनी कारकून होत्या. त्यांच्या गावची शेवटची एस.टी. पाच चाळीसला सुटे. "उशिरापर्यंत थांबावयाचे असल्यास दुपारी बारापर्यंत सांगा, म्हणजे मी घरी निरोप धाडीन. मी नाही म्हणणार नाही, पण साडेपाचला सांगू नका," असे त्यांनी सांगितले. त्यापूर्वी साडेपाचला काम सांगितले की त्या गप्प बसत, आणि ते गप्प बसणे मला उद्धटपणा वाटे. सर्वांत शेवटी शिपाई आला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. पाकिटांवरील इंग्रजी पत्ते तो बाहेरच्या पानवाल्याकडून वाचून घेई व मग वाटायला निघे. बँकेची पत्रे कोणाकडे जातात हे गावच्या पानवाल्यास कित्येक वर्षे कळत होते आणि शिपायास इंग्रजी येत नाही हे आम्हांस कळले नव्हते! दुसऱ्या दिवसापासून पाकिटावर मराठीत नाव घालण्यास सुरुवात केली. त्यास काय खर्च आला? काही नाही.

ही सर्व माणसे आधी का बोलली नाहीत? मी बोललो नव्हतो म्हणून. माझा या बाबतीत ठाम अभिप्राय असा की, हे सांगण्याचा आरंभ वरच्या माणसाने करावा. हाताखालच्या माणसाने प्रथम आपल्या अडचणी लिहून द्याव्यात आणि साहेबाने त्या मिटक्या मारीत वाचाव्यात, हे योग्य नव्हे. तशा कागदाचा उपयोग पुढे बढतीच्या वेळी त्याच्याच विरुद्ध होण्याचा संभव असतो. भाचीस मी पहिला प्रश्न हाच विचारला, "तुझ्या साहेबांनी स्वतःचे पान लिहिले आहे काय?" लिहिले होते, व सर्वांच्या आधी लिहिले होते. तेव्हा मी म्हटले, मग बस, लिही.

आणखी एक सूचना मी तिला केली. अशा कागदात गुणांची जाहिरात करू नये आणि दोषांना परवाना मागू नये. तिच्या एका सहकाऱ्याने लिहिले होते की, मी स्पष्टवक्ता आहे, माझ्या बोलण्याचा राग मानू नये. ही माहिती नव्हे. हा अटकपूर्व जामीन आहे. त्याने असे लिहिले असते की, मला राग आला की मी तडकाफडकी उत्तर लिहितो, तेव्हा सायंकाळनंतर मला वादाचा विषय पाठवू नका, सकाळी पाठवा, तर त्याच्या सहकाऱ्यांस काही उपयोग झाला असता. त्याचप्रमाणे घरातील दुखणीखुपणी, देणीघेणी यांचा पाढा तेथे वाचू नये. कामाशी ज्याचा संबंध आहे तेवढेच लिहावे, आणि ते असे असावे की वाचणारास उद्या सकाळी त्याप्रमाणे वागता यावे.

पुढे दोन तास बसून तिने जे लिहिले ते मला पसंत पडले. 'मला काहीही चालते' हे वाक्य पहिल्या दहा मिनिटांतच खोटे ठरले. तिच्या कंपनीचे निम्मे सहकारी न्यूयॉर्कला असतात. पुण्यात सायंकाळचे साडेसात वाजतात तेव्हा तेथे उन्हाळ्यात सकाळचे दहा व हिवाळ्यात नऊ वाजलेले असतात, म्हणून सभा नेहमी तिच्या जेवणाच्या वेळी भरे. तीन वर्षे तिला ते 'चालत' होते व तीन वर्षे ती घरी चिडत होती. तिने लिहिले की, आठवड्यातील दोन दिवस मी रात्री सभेस येईन, कोणते ते सोमवारी सांगेन, उरलेल्या दिवशी मजकूर लिहून पाठवा, मी सकाळी उत्तर देईन. दुसरे तिने असे लिहिले की, फोनवर मी 'हो, हो' म्हणते त्याचा अर्थ ऐकते आहे एवढाच आहे. काम कबूल केले असेल तर मी तारीख लिहून पाठवीन. हे वाक्य वाचून मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. माझ्या 'हं'ची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. ती मी तिला त्या दिवशी प्रथम सांगितली. आमच्या आजोबांचा हुंकार अशा रीतीने हिंजवडीपर्यंत जाऊन पोहोचला होता. तिसरे वाक्य माझ्या आग्रहावरून घातले. आपल्या मराठीत 'बघू' म्हणजे बहुधा 'नाही', 'थोडेसे राहिले आहे' म्हणजे अजून बसायचे आहे, आणि 'आज-उद्या करतो' याचा अर्थ प्रत्येक घरी निराळा. आपण आपसांत या नाण्यांचा भाव जाणतो. परक्यापुढे तेच शब्द इंग्रजीत टाकले की त्याला ती खरी नाणी वाटतात. म्हणून तिने लिहिले की, मला जमणार नसेल तर मी 'जमणार नाही' असेच लिहीन, मला तसे लिहायला जड जाते, तरी लिहीन.

सर्वांची पाने पुढे आली तेव्हा तिला एक धक्का बसला. तिच्या शेजारच्या विभागात एक तरुण होता. तो तिचा फोन कधी घेत नसे आणि दोन मिनिटांनी लेखी उत्तर पाठवीत असे. दोन वर्षे तिची अशी समजूत होती की हा आपल्याला कमी लेखतो. एकदा तिने त्याविषयी वर तक्रारही केली होती. त्याच्या पानावर पहिलीच ओळ होती की, फोनवर बोलताना माझी जीभ अडखळते, समोरासमोर तितकी अडखळत नाही, म्हणून मी फोनऐवजी लिहितो. भाचीने मला हे सांगितले तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तिने त्याची क्षमा मागितली. त्याने उत्तर लिहिले की, मी आधी सांगायला हवे होते. मला विचाराल तर दोष त्याचा नव्हता. ज्या कचेरीत कोणीच काही सांगत नाही, तेथे असली गोष्ट एकट्याने प्रथम सांगण्यास फार मोठे धैर्य लागते.

ज्यांच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या त्या गृहस्थांविषयी सांगावयाचे राहिले. चौकशीनंतर सहा महिन्यांत त्यांची बदली झाली आणि आमचा संबंध तुटला. पुढे आम्ही दोघेही सेवानिवृत्त झाल्यावर एका लग्नात समोरासमोर आलो. मीच उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. जे वीस-पंचवीस वर्षांत बोललो नव्हतो ते बोललो. माझ्या 'हं'चा अर्थ मी त्यांना सांगावयास हवा होता, असे म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही फोनवर आहात, तुमचे लक्ष नाही, हे मला दिसत होते. मी पुन्हा विचारणार होतो. पण मी त्या शाखेत हजर झालो तेव्हा माझ्या आधीच्या माणसाने मला बजावून ठेवले होते की, या साहेबांना तीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारलेली खपत नाही."

मी थक्क झालो. मला दुसऱ्यांदा विचारलेले खपत नाही, हे मला ठाऊक नव्हते. कधीतरी, कोणावर तरी मी खेकसलो असेन. त्याने ते दुसऱ्यास सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्यास. मी माझ्याविषयी काही सांगत नव्हतो तरी माझ्याविषयीचा कागद तयार होतच होता. तो इतरांनी लिहिला होता, माझ्या पाठीमागे लिहिला होता, आणि काचेखालच्या माझ्या तीन वाक्यांत जे चौथे वाक्य हवे होते ते त्यातच होते. त्या गृहस्थांना मी इतकेच विचारले की, मुलगी कशी आहे? "उत्तम आहे. नात इंजिनियर झाली," असे ते म्हणाले, आणि त्यांनी आपल्या ताटातली जिलबी माझ्या ताटात वाढली.

तेव्हापासून मी कोणाही नव्या माणसाबरोबर काम सुरू करताना एक प्रश्न विचारतो. माझ्याविषयी तुम्हांला आधी काय सांगण्यात आले आहे? उत्तर सहसा पहिल्या दिवशी मिळत नाही. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत आलो तेव्हाही हा प्रश्न विचारला. सर्वजण हसले, आणि महिनाभराने खजिनदारांनी हळूच सांगितले की, तुम्ही हिशेबात फार खोड्या काढता असे ऐकले होते. ते खरे निघाले. त्यांनीही मग सांगून टाकले की, विद्यार्थी साहाय्य निधीचे अर्ज मोबाइलवर छायाचित्र काढून पाठविले तर त्यांस वाचता येत नाहीत, कागदावर हवेत. गेल्या वर्षी काही अर्ज मुदतीनंतर विचारात आले, त्याबद्दल कुरकुर झाली आणि चिटणिसांची ढिलाई असे म्हटले गेले. चिटणिसांनी सर्व अर्ज मुदतीत पाठविले होते. ते मोबाइलवर पाठविले होते, एवढेच. यंदा अर्जाच्या छापील नमुन्यावर वरच सूचना घातली आहे. पालकांनी ती कृपया वाचावी, अर्ज टपालाने किंवा हस्ते पाठवावेत आणि पोहोच मिळाली नाही तर दुसऱ्यांदा विचारावे. दुसऱ्यांदा विचारलेले खजिनदारांना खपते. मी त्यांस विचारून घेतले आहे.

आणखी दोन गोष्टी सांगावयाच्या मनात होत्या. परंतु चिटणिसांनी, मी विनंती केल्याप्रमाणे, कोणतीही खूण न करता एका स्वयंसेवकाच्या हाती चिठ्ठी पाठविली आहे. तीत 'पाच मिनिटे अधिक झाली' असे लिहिले आहे आणि खाली त्यांची आद्याक्षरेही आहेत.